नेत्राचा एकटीचा फोटो

१२ ऑक्टोबर २००५, बुधवार. दसरा

झेंडू मिळाला! इथे अमेरिकेत, पार्सिपनीत, दसऱ्याच्या दिवशी, खराखुरा झेंडू — आणि फुकट! गेल्या वर्षी दुकानातली पिवळी शेवंती आणून तोरण केलं होतं. माझा नवरा, देवदत्त, म्हणाला होता, "काय फरक पडतो." पडतो रे बाबा. वासाचा पडतो.

फुलं खालच्या मजल्यावरच्या ओफेलियाची. रोज तिच्या घरी जाते आणि तिच्या बाल्कनीतल्या कुंड्या आज पहिल्यांदा नीट बघितल्या. टपोरी, केशरी, थेट आपल्याकडच्यासारखी. मी मागितली तर तिने कात्रीच हातात दिली. वर म्हणाली, थोडी ठेव हं, माझी मेलेली माणसं यायची आहेत.

पाहुणे यायचेत, दूध ठेव म्हणावं, तितक्या सहज!

ओफेलिया मेक्सिकोची, पुएब्लाकडची. शाळा सुटल्यावर बिल्डिंगमधली पाच-सहा मुलं सांभाळते. देवदत्तची लेक आन्या तीन वर्षांची असल्यापासून तिच्याकडे आहे. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा म्हटलं, आता मी आहे ना घरी, एच-फोर व्हिसावर नोकरी करता येत नाही, दुसरं करायचंय काय. तर आन्या रडली. मग चालू ठेवलं. साडेपाचला मी तिला आणायला जाते आणि तासभर तिथेच बसते. ओफेलियाचं इंग्लिश माझ्याहून कच्चं, त्यामुळे आमचं छान जमतं.

तर त्यांचं असं असतं (गेल्या वर्षी त्या दिवसांत ती पुएब्लाला होती, म्हणून मला पत्ताच नव्हता) — दर वर्षी एक आणि दोन नोव्हेंबरला गेलेली माणसं घरी येतात. पहिल्या दिवशी लहान मुलं, दुसऱ्या दिवशी मोठी. टेबल मांडायचं. त्यावर त्यांचे फोटो, मेणबत्त्या, पाणी (लांबून येतात, तहान लागते) आणि ज्याला जे आवडायचं ते खाणं. तिच्या वडिलांना सिगरेट लागायची, तर सिगरेटसुद्धा! दारापासून टेबलापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट, वासावर यावीत म्हणून. आणि रडारड नाही. गाणी, जेवण, आणि ती माणसं काय काय वेडेपणा करायची त्याच्या गप्पा.

आपण पितृपक्षात पान वाढतो, पण सगळ्यांना तेच वडे न् तीच खीर. आजोबांना खीर बघवायची नाही, तरी खीर. इथे प्रत्येकाची फर्माईश! मला हे भयंकर आवडलंय. घरी येऊन देवदत्तला सांगत सुटले. तो सोनं — म्हणजे आपट्याची पानं नव्हेत, झेंडूचीच पाकळी — हातात घेऊन "हं" म्हणाला.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

ओफेलियाने यंदा पहिल्यांदाच मुलांना सांगितलंय, तुमच्या घरातलं कोणी गेलं असेल त्याचा फोटो आणा. एकजण कुत्र्याचा आणणार आहे. आन्याला विचारलं तर खेळणं न सोडता म्हणाली, "आय डोन्ट हॅव एनिबडी."

सात पूर्ण व्हायचेत पोरीला. आई जाऊन साडेतीन वर्षं झाली.

ओफेलियाने माझ्याकडे पाहिलं. मी आन्याच्या बुटाची लेस बांधायला लागले. ती बांधलेलीच होती.

आमच्या घरात तिचा, नेत्राचा, एकही फोटो नाही. नाव नाही, गोष्ट नाही. देवदत्त म्हणतो, "पोरीला त्रास होतो, नको." मी त्याला अविधवा नवमीला विचारलं होतं — नेत्राच्या नावाने एक सवाष्ण जेवायला बोलावते, आमच्याकडे रीतच आहे. म्हणाला, "इकडे कोण करतं ते सगळं?" मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. नसलेल्या बाईशी कोण बरोबरी करणार? आणि आज ती पोर म्हणते माझं कोणी नाही. लाज वाटली मला.

१५ ऑक्टोबर, शनिवार

नेत्राच्या फोटोंचा खोका क्लोजेटच्या वरच्या फळीवर आहे. दीड वर्ष मला माहीत आहे.

१७ ऑक्टोबर, सोमवार

उघडला! दोघं घराबाहेर गेल्या गेल्या स्टूल लावलं. तीन अल्बम, एक सुटं पाकीट, एक सुती ओढणी.

सुंदर होती हो. नुसती बरी नाही — सुंदर. लांब वेणी, हसली की डोळे बारीक. मला हेवा वाटला, ते लिहून ठेवते, इथे तरी खोटं कशाला. मग तिचा एक फोटो सापडला. बर्फात पाय घसरून बसलीय, साडीवर पुरुषी जॅकेट, आणि पोट धरून हसतेय. तो पाहून मीही हसले, एकटीच, क्लोजेटमध्ये.

त्यातला सगळ्यात झकास फोटो उचलला, लग्नातला, मुंडावळ्यांसकट. धावत खाली गेले. ओफेलियाने पाहिला न पाहिला आणि फोटोतल्या देवदत्तच्या तोंडावर पंजाच ठेवला! "नो, नो. ही इज अलाइव्ह." टेबलावर जिवंत माणसाचा फोटो ठेवायचा नाही. ठेवला तर त्याला लवकर बोलावून घेतात म्हणे.

अगं बाई! आपण जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाही, तेच की हे. आणि मी माझ्याच नवऱ्याला झेंडूत बसवायला निघाले होते. हात दाखवून अवलक्षण!

१८ ऑक्टोबर, मंगळवार

सगळे फोटो मोजून पाहिले. दोनशे चौदा. नेत्रा एकटी एकाही फोटोत नाही. देवदत्तबरोबर, सासूबाईंबरोबर, आन्याला मांडीवर घेऊन, आन्याला कडेवर घेऊन. बर्फातल्या फोटोतसुद्धा कडेला देवदत्तचा हात आहे, तिला उठवायला पुढे केलेला.

कात्री लावू का? नवऱ्याला त्याच्या पहिल्या लग्नाच्या फोटोतून मी कापून काढायचं! सासूबाईंना नुसतं स्वप्न पडलं तरी ब्लडप्रेशर वाढेल.

साताऱ्याला आईला फोन केला. ती म्हणाली, "सवतीला आपणहून घरात आणणारी तू पहिलीच. नसती उठाठेव." शिवाय म्हणाली, एक नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आहे, माहीत आहे ना? अरे देवा, नव्हतं लक्षात आलं.

पाच मिनिटांनी परत मीच फोन लावला, कारण तिचं बोलणं अर्धं राहिलं असं मला वाटत होतं. आणि खरंच ती म्हणाली, "अमावास्याच ती. तुझी पणजी त्या संध्याकाळी पितरांना दिवा दाखवायची. तेव्हा तसं काही वावगं नाही. पण जावयांना विचार."

जावयांना नंतर विचारीन. आधी फोटो.

२० ऑक्टोबर, गुरुवार

नागपूरला फोन केला. नेत्राच्या आईला! नंबर खोक्यातल्या पाकिटावर होता. पद्मिनीकाकू. आन्याला नागपूरला ठेव, आम्ही वाढवतो, असं नेत्रा गेली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या. देवदत्त नाही म्हणाला. शब्दाने शब्द वाढला, आणि मग त्याने माझ्याशी लग्न केलं. तेव्हापासून फोन बंद.

कॉलिंग कार्डाचा नंबर दोनदा चुकला.

"कोण बोलून राहिलं?"

"मी शुभा. देवदत्तची..." पुढचं निघेना. "आन्याची..." तेही निघेना.

"समजलं," म्हणाल्या. बर्फासारख्या. "दीड वर्षात त्याने एक फोन केला नाही. आणि आता तू करून राहिली. काय पाहिजे?"

सगळं सांगून टाकलं. ओफेलिया, झेंडू, टेबल, दोनशे चौदा फोटो. आणि आन्या काय म्हणाली तेही सांगितलं. मग कार्डातली बाई बोलली, एक मिनिट उरलं. मी भराभर विचारलं, नेत्राला खायला काय आवडायचं हो? आणि कट!

नेमकं तेव्हाच कार्ड संपावं!

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी फोन एकदा वाजून बंद. परत एकदा वाजून बंद. मिस्ड कॉल! अमेरिकेला मिस्ड कॉल देणारं माणूस नागपूरचंच असणार. नवं कार्ड घेऊनच ठेवलं होतं.

"गोळाभात," म्हणाल्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "लिहून घे. चण्याच्या डाळीचा भरडा, बेसन नाही. बेसन घेशील तर दगड होतील. भात अर्धा शिजला की गोळे त्यात खोचायचे. वरून हिंग-मोहरीचं तेल, चांगलं कडकडीत. ती कढीसोबत खायची. चिंचेचं सार केलं की रुसायची."

मी लिहीत गेले. मध्येच त्यांनी विचारलं, "आन्या कशी दिसते आता?" मी म्हटलं, हसली की डोळे बारीक होतात. मग म्हणाल्या, नंदू नावाचा भाचा आहे, सायबर कॅफेतून नेत्राचा फोटो पाठवेल. स्थळासाठी काढला होता तो. एकटीचा तेवढाच.

अर्थात! स्थळाचा फोटो! त्यात एकटीच असते मुलगी. माझ्या कसं डोक्यात आलं नाही? मी तर चार वेळा काढलाय. पस्तिशीला टेकलेली घोडनवरी. दर वेळी फोटोवाला म्हणायचा, जरा पावडर लावा.

२३ ऑक्टोबर, रविवार

आला! स्टुडिओत, प्लॅस्टिकच्या फुलांच्या स्टँडवर हात ठेवून, वेणी पुढे घेतलेली, हसू दाबलेलं. अगदी माझ्यासारखीच उभी आहे. सगळ्यांना तसंच उभं करतात. हा फोटो पाकिटातून घरोघर फिरला असेल आणि कुणीतरी नाकं मुरडली असतील. मला एकदम ती आवडायला लागली.

इथे फोटो औषधांच्या दुकानात छापून मिळतात; तासाभरात प्रिंट मिळाली. मोठी काढली. फ्रेमही घेतली.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

देवदत्तला कळलं. मी सांगणारच होते, पण फ्रेम सोफ्यावर विसरले.

तो ओरडत नाही. ओरडला असता तर बरं. म्हणाला, "खोका का उघडलास?" मग, "लक्ष्मीपूजनाच्या दिवशी हे?" मग खरं ते — "शुभा, तिला सगळं विसरायला तीन वर्षं लागली. तू परत उकरतेयस."

मी म्हटलं, "विसरली नाहीये. सांगायला कोणी नाही म्हणून गप्प आहे."

"तुला काय माहीत? तू नव्हतीस तेव्हा."

हे खरंच आहे. नव्हते. म्हणूनच लागलं.

शेवटी म्हणाला, काय करायचं ते कर, मी येणार नाही. आन्याला त्रास झाला तर मात्र... वाक्य पुरं केलं नाही. रात्रीचं जेवण तिघांनी टीव्हीकडे तोंड करून केलं.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

अबोला. चकल्या केल्या. मोडल्या. मोहन जास्त पडलं.

२९ ऑक्टोबर, शनिवार

गोळाभाताची रंगीत तालीम. भरडा मिक्सरवर काढला, घरभर हिंगाचा वास. देवदत्त किराणा घेऊन आला, दारातच थांबला, पिशव्या खाली ठेवल्या आणि गाडीत काही राहिलं म्हणून परत गेला. वीस मिनिटं. मी खिडकीतून पाहिलं, गाडीत नुसता बसला होता.

वर आला आणि दोनदा वाढून घेतला. एक शब्द नाही. पण दोनदा!

मला धीर आलाय. मंगळवारची इतकी घाई झालीय मला, की लाडवात वेलदोडा दोनदा घातला.

२ नोव्हेंबर, बुधवार, सकाळ

काल काय झालं ते लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

ओफेलियाचं टेबल! काय सांगू! तीन पायऱ्या, कागदाची कातरलेली तोरणं, साखरेच्या कवट्या कपाळावर नावं घातलेल्या, हाडांच्या आकाराच्या पट्ट्या घातलेला पाव. काल लहानांचा दिवस. तिचा एक मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला होता, मला ठाऊकच नव्हतं. त्याच्यासाठी दूध आणि लोकरीचे मोजे. दारापासून झेंडूची वाट. माझी रांगोळी मी तिच्या उंबऱ्यात काढली, कवट्यांशेजारी लक्ष्मीची पावलं. दोघींनी कमरेवर हात ठेवून पाहिलं. शोभत होतं!

मग मुलांनी एकेक फोटो ठेवला; फोटो सगळ्यांचेच पहिल्या दिवशी मांडतात. कुत्र्याचासुद्धा. मी आन्याच्या हातात फ्रेम दिली. ऐटीत दिली. गाढव मी.

आन्याने पाहिली. उलटी करून मागे पाहिलं. मग मला विचारलं, "मावशी, हू इज दॅट?"

मी म्हटलं, "तुझी आई, बाळा."

तिने परत पाहिलं. अगदी शहाण्यासारखं, मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाली, "नो. माय मॉम हॅज अ ब्लू हॅट." आणि आपल्या डोक्यावरून हात फिरवून दाखवला — "अँड नो हेअर."

वेणीवाली बाई तिला आठवतच नव्हती. ती तीन वर्षांची, नेत्रा हॉस्पिटलमध्ये, डोक्यावर निळी टोपी. तिची आई ती होती. आणि मी कुणाच्या तरी मुलीचा स्थळाचा फोटो तिच्या हातात दिला.

ओफेलिया म्हणाली, उद्या मोठ्यांचा दिवस, अजून वेळ आहे. वेळ असून काय करू? निळ्या टोपीतला फोटो त्या खोक्यात नाही. दोनशे चौदा मी मोजलेत.

लक्ष्मीपूजन झालं. आरती झाल्यावर आन्या झोपायला गेली आणि देवदत्तला मी जे झालं ते सांगितलं. बोलणी खायची तयारी ठेवूनच सांगितलं. त्याने निरांजनाकडे बघत विचारलं, "ब्लू हॅट म्हणाली?"

"हो."

"नक्की?"

आज सकाळी डबा न घेताच ऑफिसला गेला.

३ नोव्हेंबर, गुरुवार

काल तो आला!

पाचला मी आणि आन्या ओफेलियाकडे होतो. गोळाभाताचा डबा टेबलावर, वरून तेल, कढीची वाटी, फ्रेम मात्र भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. बेल वाजली. देवदत्त. गळ्यात ऑफिसचा बिल्ला, हातात लॅपटॉपची बॅग. झेंडूच्या पाकळ्या तुडवल्या जाऊ नयेत म्हणून भिंतीकडून अंग चोरत आत आला.

त्याने पाकीट काढलं. लायसन्सच्या मागून एक फोटो. कोपरे झिजलेले. हॉस्पिटलची खाट, निळी लोकरी टोपी, भुवया नाहीत, आणि डोळे बारीक करून हसतेय. एकटी. त्यानेच काढलेला.

आन्याने ओढूनच घेतला. "दॅट्स हर!" मग त्याला सांगायला लागली, जसं काही त्याला माहीतच नव्हतं — "शी लेट मी रब हर हेड, बाबा. इट वॉज सॉफ्ट. लाइक अ पीच."

देवदत्त खालीच बसला, त्या छोट्या मुलांच्या खुर्चीत. म्हणाला, "मला वाटायचं तिने हे असं लक्षात ठेवू नये. नेत्रा चांगली होती तेव्हाचे फोटो ही मोठी झाल्यावर दाखवू म्हणून ठेवले होते." रडला. मी साडेअठरा महिन्यांत त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं. इथे रडायचं नसतं असं ओफेलियाने सांगितलं होतं, पण तीच डोळे पुसत होती.

मग गप्पा सुरू झाल्या आणि थांबेचनात! नेत्रा पहिल्यांदा गाडी चालवायला शिकली तेव्हा टपालाची पेटी पाडली होती. चिनी हॉटेलात तिने आचाऱ्याला बोलावून फोडणी कशी द्यायची ते सांगितलं होतं. आन्या हसून हसून लोळली. "टेल अनदर वन, टेल अनदर वन." सगळ्यांनी गोळाभात खाल्ला, ओफेलियाने त्यावर तिखट सॉस ओतला. पद्मिनीकाकूंना हे सांगणार नाही.

निघताना आन्याने ती भिंतीकडे तोंड केलेली फ्रेम स्वतः सरळ केली आणि टोपीवाल्या फोटोशेजारी ठेवली. "दिस इज हर बिफोर मी," ओफेलियाला समजावून सांगितलं.

आता दोन्ही फोटो आमच्या हॉलमध्ये आहेत. मला वाटलं होतं ती घरात आली की मी पाहुणी होईन. काल रात्रीपासून तपासून बघतेय. अजून तरी कणीक मीच मळतेय आणि मोजे कुठे आहेत ते मलाच विचारतात.

६ नोव्हेंबर, रविवार

देवदत्तने नागपूरला फोन केला. स्वतः! दार लावून घेतलं, त्यामुळे काय बोलला माहीत नाही. बाहेर आला तर नाक लाल. मग आन्याने फोन घेतला आणि दहा मिनिटं इंग्लिशमध्ये गोष्टी सांगितल्या. काकूंना त्यातलं किती कळलं देव जाणे, पण त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही म्हणे.

मी म्हटलं, बोलावू या का त्यांना? उन्हाळ्यात? देवदत्त म्हणाला, त्या येतील असं तुला वाटतं? मी म्हटलं, विचारायला काय पैसे पडतात.

हो म्हणाल्या!!

१९ नोव्हेंबर, शनिवार

व्हिसासाठी आमंत्रणाचं पत्र. देवदत्त टाइप करत होता, मी मागे उभी. 'नातं' या शब्दापाशी अडला. त्याची सासू लिहावं, तर नेत्रा नाही. माझ्याशी तर काहीच नाही. फॅमिली फ्रेंड लिहू का म्हणाला. मी फोन लावला, म्हटलं, काकू, इथे काय लिहायचं?

"त्यात काय विचारून राहिली?" म्हणाल्या. "कौन्सुलेटमध्ये विचारलं तर मी सांगणारच आहे, मुलीकडे चालली म्हणून. मुलगी लिही. आणि काकू म्हणणं बंद कर."

देवदत्तने माझं नाव टाइप केलं, त्यापुढे 'डॉटर'. मला सही करायची होती. पेन सापडायला जरा वेळ लागला.